ते सहा मिलिमीटर माकडाचे होते

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या वेड्यावाकड्या दातांवर जो लेख आला, त्याचं कात्रण घेऊन माझी पुतणी परवा घरी आली. एका वाक्याखाली तिने लाल पेनाने दोन रेघा ओढल्या होत्या. लहान वयात खालचा जबडा पुढे धरणारं साधन दातांवर बसवलं तर तो सहा मिलिमीटरपर्यंत वाढतो आणि हे प्रयोगांनी सिद्ध झालं आहे, असं ते वाक्य. पुतणीची मुलगी सात वर्षांची, यंदा दुसरीत. वरचे दात पुढे, हनुवटी आत. आमच्या घराण्याचीच ठेवण ती, माझ्या वडिलांचं तोंड तसंच होतं. एका दवाखान्याने पुतणीला सांगून ठेवलंय की आत्ताच साधन बसवा, नाहीतर पुढे जबड्याचं ऑपरेशन. पैसे दोन हप्त्यांत. ती मला विचारत होती, “काका, भरू का पहिला हप्ता?”

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. एका दंत महाविद्यालयाच्या ऑर्थो विभागात, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करतात तिथे, ३१ वर्षं नोकरी केली ती डेंटल मेकॅनिक म्हणून. १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये आमची नोंद याच नावाने आहे, त्यामुळे लोकांनी गॅरेजवाला समजून हसायचं कारण नाही. तार वाकवणं, अ‍ॅक्रिलिक ओतणं, घासणं, चकाकी आणणं हा माझा धंदा. पण त्या सहा मिलिमीटरांचं मूळ गाव मला ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो. संपादकसाहेब, ते सहा मिलिमीटर माकडाचे आहेत.

हे मला कसं माहीत, तर आमच्याकडे दर शनिवारी दुपारी एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकीत पुढचं शिकणाऱ्या, विद्यार्थ्यांचं जर्नल क्लब असायचं. परदेशी मासिकातला एक लेख एकाने वाचायचा, बाकीच्यांनी त्याला धारेवर धरायचं. स्लाइड प्रोजेक्टर चालवायला मी. स्लाइड उलटी लागली की सर माझ्याकडे बघायचे, म्हणून प्रत्येक स्लाइड आधी उजेडात धरून बघायची सवय लागली आणि बघता बघता कानावर पडलेलंही डोक्यात राहायला लागलं. मिशिगन विद्यापीठातल्या मॅकनमारा यांची माकडं मी निदान सहा वेळा तरी पडद्यावर पाहिली असतील. दर दोन वर्षांनी नवी बॅच यायची आणि कोणीतरी तोच लेख पुन्हा घ्यायचं.

तो १९८७ सालचा. वाढीच्या वयातली रीसस माकडं, सगळे नर. अकरांच्या दातांवर असं साधन बसवलं की तोंड मिटताना खालचा जबडा पुढेच सरकला पाहिजे. बरोबरीच्या काहींना साधन न लावता तसंच ठेवलं. १४४ आठवडे हे चाललं, म्हणजे जवळजवळ पावणेतीन वर्षं. शेवटी साधनवाल्या माकडांचे खालचे जबडे बाकीच्यांपेक्षा पाच ते सहा मिलिमीटर लांब निघाले. माकडाच्या एवढ्याशा जबड्यात ही काही थोडकी लांबी नव्हे. आकडा खरा आहे. आपल्या लेखकाने तो खोटा लिहिलेला नाही, फक्त त्याच्या पुढची शेपटी कापली. ते साधन सिमेंटने चिकटवलेलं होतं. माकडाला जेवताना, झोपताना, खेळताना, पावणेतीन वर्षांत एक दिवस ते काढता आलं नाही.

आता जबडा वाढतो कुठे, हे थोडं सांगावं लागेल. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. बोटाखाली जे हलतं ते खालच्या जबड्याचं डोकं. त्यावर कूर्चेची टोपी असते आणि वाढत्या वयात त्या कूर्चेचं हाड होत होत जबडा लांबतो. पायाच्या हाडाच्या टोकाची कूर्चा आणि ही कूर्चा सारख्या नाहीत. पायाची आपल्या ठरल्या गतीने चालते, ही मात्र स्नायू कसे ओढतात, जबडा कुठे धरलाय, याचंही थोडंफार ऐकते. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला पेट्रोविक आणि स्टुट्झमान यांनी साठ-सत्तरच्या दशकांत उंदरांवर हे वर्षानुवर्षं तपासलं. जबडा पुढे धरला की त्या डोक्याला चिकटलेला एक स्नायू जास्त काम करतो आणि कूर्चा जास्त वाढते, असं त्यांचं म्हणणं. पुढे हाँगकाँगला रॅबी यांच्या लोकांनी पाच आठवड्यांचे उंदीर घेऊन त्या कूर्चेतली कोणती प्रथिनं कधी जागी होतात, तिथपर्यंत शोध नेला.

हाँगकाँगचे ते लेख आमच्याकडे आले आणि २००४ च्या सुमारास एका विद्यार्थिनीने प्रबंधाला तसलाच विषय घेतला. मुलगी लातूरकडची, हुशार, पण उंदराला हात लावायला घाबरायची. प्राण्यांवरच्या प्रयोगांना आता कमिटीची परवानगी लागते, तिने मागितले त्याहून कमी उंदीर मंजूर झाले, आणि मग ती माझ्याकडे आली. “काका, उंदराचं माप घ्यायचंय.”

नोकरीत हजारो प्लेटा, म्हणजे तोंडात बसवायची अ‍ॅक्रिलिकची साधनं, केल्या असतील, पण ते काम मी कधी विसरणार नाही. उंदराचे पुढचे दात पिवळे-नारिंगी असतात, घाण म्हणून नव्हे, त्यांचं इनॅमलच तसं. दाताच्या मागे लांबच लांब मोकळी जागा, सुळे नाहीतच. एवढ्या तोंडात जाईल असा ट्रे बाजारात कुठला मिळणार? इंजेक्शनच्या बाटलीचं रबरी बूच कापून मी ट्रे केला. जनावरांच्या डॉक्टरांनी उंदराला भूल दिली, त्या विद्यार्थिनीने, म्हणजे आमच्या मॅडमनी, डोळे अर्धे मिटून माप घेतलं, मी त्यात स्टोन, म्हणजे कडक प्लास्टर, ओतला. साचा तयार झाला तो करंगळीच्या नखावर मावेल एवढा. त्यावर वरच्या दातांना टोपी आणि तिला मागे उतार, असं अ‍ॅक्रिलिकचं साधन. खालचे दात त्या उतारावर टेकले की घसरून पुढे येणार, त्यांच्याबरोबर जबडाही. तुरीच्या दाण्याएवढी वस्तू. पहिली मी सवयीने पॉलिशच्या लेथवर धरली. गेली उडून. विभागातले तिघेजण दिवसभर टेबलाखाली शोधत होते, सापडली नाही. दुसरी चिमट्यात धरून बायकोच्या नखं घासायच्या कानशीने घासली.

ग्लास आयोनोमर सिमेंटने ती चिकटवली. चौथ्या दिवशी प्राणीघरातला शिपाई सांगत आला की तीन उंदरांची निघाली. निघणारच. उंदराचे दात जन्मभर वाढतात, आठवड्याला दोन-अडीच मिलिमीटर सहज, आणि वर पिंजऱ्याची तार कुरतडायची खोड. नव्या प्लेटा, पुन्हा सिमेंट. नेहमीच्या कडक गोळ्या त्यांना फोडता येईनात, म्हणून पाण्यात भिजवून द्यायच्या. मॅडमनी साधन नसलेल्या उंदरांनाही तेच भिजवलेलं घातलं. मला वाटलं उगाच लाड, पण तिने समजावलं की मऊ खाण्यानेही जबड्यात फरक पडतो. साधनाचा फरक कोणता आणि खाण्याचा कोणता, हे वेगळं काढायचं तर सगळ्यांचं ताट एकच पाहिजे. रोज वजन करून वहीत लिहायची. साधनवाले पहिल्या आठवड्यात मागे पडले, मग सावरले.

महिन्याने उंदीर मारून जबड्याच्या सांध्याचे काप काढले. त्या दिवशी मी रजा टाकली होती. एवढंसं जनावर, पण त्याच्या तोंडात माझ्या हातची वस्तू होती.

काप रंगवून आले तेव्हा तिने मला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. जांभळ्या-गुलाबी रंगात जबड्याचं ते डोकं, वर कूर्चेचा पट्टा. साधन नसलेल्याचा पट्टा साडीच्या बारीक काठासारखा. साधनवाल्याचा मागच्या बाजूला चांगला रुंद, पैठणीचाच म्हणा. कळायला डॉक्टर असायची गरज नव्हती. मी म्हटलं, “मॅडम, म्हणजे पोरांचाही वाढेल की हो!” ती हसली. “काका, उंदीर प्लेट काढून दप्तरात टाकत नाही.”

तिला हे मला सांगायची गरजच नव्हती. पोरं प्लेट घालतात की नाही, हे या जगात मेकॅनिकइतकं कोणाला कळत नसेल. आईबाप डॉक्टरांना शपथेवर सांगतात की चोवीस तास घालतो. मग तीच प्लेट तार तुटली म्हणून सहा महिन्यांनी माझ्या टेबलावर येते. तोंडात राहिलेल्या प्लेटची चकाकी जाते, चावायच्या जागी दातांचे खळगे पडतात, तारेखाली पिवळट खर धरतो, वास येतो तो निराळाच. आणि कित्येक प्लेटांवर मी मारलेलं पॉलिश सहा महिन्यांनी जसंच्या तसं! डबी मात्र घासून घासून खरवडलेली, कारण प्लेटचा मुक्काम डबीत. मी डॉक्टरांना खुणेनेच सांगायचो. पुष्कळशा प्लेटा हॉटेलात पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळलेल्या असताना उष्ट्या ताटांबरोबर गेल्या, आणि माझ्याकडे दुसरं माप आलं.

आपल्याकडे वाढत्या मुलांना सगळ्यात जास्त दिलं जाणारं साधन म्हणजे ट्विन ब्लॉक. स्कॉटलंडच्या क्लार्क यांनी ते १९७७ मध्ये काढलं. त्यांच्याच एका दंतवैद्य मित्राच्या मुलाचा पडून वरचा पुढचा दात निखळला होता. तो परत बसवला, पण खालचा ओठ दातामागे अडकून त्याला पुढे ढकलत होता. जबडा पुढे आणल्याशिवाय दात टिकेना, म्हणून दोन ठोकळे केले, एक वर, एक खाली, उतारावर उतार टेकलेला. माझ्या हातून असे शेकडो गेले. सत्तर अंशांचा तो उतार दोन्ही ठोकळ्यांवर जुळला पाहिजे. नाही जुळला तर पोरगं तोंड वेडंवाकडं मिटायला लागतं आणि शिव्या मेकॅनिकला. दाढेला धरून ठेवणारे आकडे, अ‍ॅडम्स क्लॅस्प, ०.७ मिलिमीटरच्या तारेचे, हे अजूनही माझी बोटं झोपेत करतील.

आणि त्या ठोकळ्यांनी काम होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नऊ-दहा महिन्यांनी त्याच मुलाचं माप पुन्हा यायचं आणि आधीचा साचा शेजारी ठेवला की वरच्या-खालच्या दातांतलं अंतर, ज्यात पहिल्यांदा माझी करंगळी जायची, ते मिटलेलं असायचं. प्रश्न इतकाच की मिटवलं कोणी? जबडा लांबला, की वरचे दात मागे कलले आणि खालचे पुढे? साच्यावर हे कळत नाही. त्याला बाजूने काढलेला डोक्याचा एक्स-रे लागतो आणि शेजारी साधन न दिलेली तशीच मुलं लागतात. कारण मूल साधनाशिवायही वाढतंच की हो. वर्षभरात जबडा जेवढा आपोआप वाढला तेवढाही जाहिरातवाले साधनाच्या खात्यावर टाकतात.

अशी तुलना इंग्लंडमध्ये झाली. ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ ते दहा वर्षांची १७४ मुलं घेतली, कोणाला ट्विन ब्लॉक लगेच द्यायचा आणि कोणाला वाट बघायला लावायचं हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. २००३ मध्ये निष्कर्ष आले. दातांमधलं अंतर छान कमी झालं, पण त्यातला मोठा वाटा दात कलण्याचा. जबड्याचा वाटा होता, पण थोडा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाला प्रॉफिट आणि टुलक नावाच्या संशोधकांनी काही वर्षं आधीपासून असाच अभ्यास चालवला होता. तिथे लवकर सुरू केलेल्या मुलांच्या जबड्यात सुरुवातीला फरक दिसला, पण सगळी मुलं मोठी होऊन दातांना तारा लावायचा दुसरा टप्पा संपला तेव्हा लवकरवाले आणि उशिरावाले जवळजवळ एकाच रांगेत उभे. आमचे सर याला उचल म्हणायचे. पगारातून आधी घेतली म्हणून पगार वाढत नाही.

एक फायदा मात्र लवकर सुरू करण्याचा खरोखर राहिला. ज्यांचे वरचे दात फार पुढे असतात त्यांचे पडून-आपटून दात तुटायचं प्रमाण लवकर उपचाराने कमी झालं. मुलगा सायकलवरून रोज पडणारा असेल आणि दात ओठाबाहेर असतील तर डॉक्टरांशी यावर जरूर बोलावं. शाळेत चिडवतात म्हणून मूल तोंडावर हात धरून बसत असेल, तर तेही कारणच. आणि उलटी ठेवण, म्हणजे खालचे दात वरच्यांच्या पुढे, किंवा तोंड मिटताना जबडा एका बाजूला सरकत असेल, तर तिथे थांबू नये. ती गोष्ट वेगळी.

चिकटवून टाकायचं साधन माणसांतही आहे, नाही असं नाही. जर्मनीच्या हर्ब्स्ट यांनी १९०९ मध्ये बर्लिनच्या परिषदेत दांडा-नळीचं साधन दाखवलं होतं. ते विस्मरणात गेलं आणि १९७९ मध्ये स्वीडनला पँचर्झ यांनी परत वर काढलं. पोराला ते काढता येत नाही, त्यामुळे दप्तराचा प्रश्न मिटतो. पण तिथेही अंतर मिटवण्यात दातांचा हात भरपूर असतोच. शिवाय उंदराचं आणि आपलं आणखी एक वेगळं आहे. आपल्या सांध्यात पुढे हाडाचा उंचवटा असतो, जबडा पुढे नेताना त्यावरून खाली उतरावं लागतं. उंदराला तो उंचवटाच नाही, कुरतडायला त्याचा जबडा रुळावरच्या डब्यासारखा मागे-पुढे पळतो. आणि त्याची सगळी वाढ काही आठवड्यांत उरकते, आपली बारा-पंधरा वर्षं चालते.

विषय निघालाच आहे तर एक जनावर असंही सांगतो ज्याच्यासाठी केलेलं काम त्याच्याच कामी आलं. निवृत्तीनंतर ओळखीचे एक पशुवैद्य एक लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेऊन आले, सहा महिन्यांचं. खालचे सुळे आतल्या बाजूला येऊन टाळूत रुतत होते, टाळूला दोन भोकं पडलेली, पिल्लू खायला बसलं की रडायचं. वरच्या दातांना अ‍ॅक्रिलिकचा उतार करून दिला, सुळे त्यावरून घसरत बाहेर आले. सहा-सात आठवड्यांत काम झालं. मालक विचारत होता, जबडा रुंद झाला का? पशुवैद्य सरळ म्हणाले, “जबडा होता तेवढाच आहे, दात बाजूला झाले. तुझं कुत्रं जेवतंय ना?” माणसांच्या दवाखान्यात इतकं सरळ उत्तर मी फार वेळा ऐकलं नाही.

माकडांबद्दल एक शेवटचं, कारण जर्नल क्लबमध्ये ते कधी कोणी बोललं नाही. रीसस म्हणजे उत्तर हिंदुस्थानातलं आपलं लाल तोंडाचं माकड. परदेशी प्रयोगशाळांसाठी इथून ती पिंजरे भरभरून निर्यात होत, पोलिओची लस बनवायला तर एकेका वर्षात लाखावर गेली. १९७८ च्या एप्रिलपासून मोरारजींच्या सरकारने ही निर्यात बंद केली. पडद्यावर माकडाच्या कवटीचा एक्स-रे लागायचा, मुलं मिलिमीटर मोजायची, मी पुढची स्लाइड टाकायचो. त्या कूर्चेबद्दल आज जे कळलंय ते त्या माकडा-उंदरांमुळे कळलंय, यात वाद नाही. म्हणून तरी त्यांचा आकडा नीट लिहावा.

पुतणीला मी म्हटलं, हप्ता भरू नकोस, दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. माझ्या जुन्या विभागात नेलं. तिथल्या बाईंनी मुलीला दहा मिनिटं तपासलं, ओठ मिटतात का बघितलं, नाकाने श्वास घेते का बघितलं, आणि सहा महिन्यांनी या म्हणाल्या. मुलींची वाढीची उसळी साधारण दहा ते बाराच्या दरम्यान येते, साधन द्यायचंच तर तेव्हा, आणि तेव्हा ती स्वतःहून घालायच्या वयाचीही झालेली असेल. केस पेपरचे वीस रुपये. मुलगी मात्र हिरमुसली, तिला मैत्रिणीसारखी गुलाबी प्लेट हवी होती.

आपल्याला विनंती एवढीच की येत्या रविवारी दोन ओळींची दुरुस्ती छापावी. सहा मिलिमीटर छापायचेच असतील तर पुढे ‘रीसस माकडांत, १४४ आठवडे, सिमेंटने चिकटवलेल्या साधनाने’ एवढे शब्द टाका. माझं पत्र लांबलंय, कात्री लावायला हरकत नाही, पण उंदराच्या प्लेटचा परिच्छेद कापू नये. ती लातूरची मॅडम आता स्वतः प्राध्यापक आहे आणि आपलं वर्तमानपत्र वाचते.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त डेंटल मेकॅनिक,
सातारा